दाजींचा दगड आणि माझं वाकलेलं पातं

दगड कापायचं पातं वाकलं, तर ते घरच्या घरी सरळ करू नये. एवढं एक वाक्य मला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर आमचे दोन चांगले शिसवी पाट, गॅसची शेगडी आणि माझ्या बहिणीच्या सासरचं माझ्याबद्दलचं मत, या तिन्ही गोष्टी होत्या तशा राहिल्या असत्या. (मत फारसं चांगलं नव्हतंच. पण होतं तेवढं तरी राहिलं असतं!)

मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो. माणसं निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या कमिटीत जाऊन भांडतात; मी दगड कापतो. डोंबिवलीत मानपाडा रोडला आमचं घर आहे आणि त्याच्या बाल्कनीत माझं यंत्र. एक मोटर, खाली तेलाचा ट्रे आणि मधे ताटाएवढं पातळ, गोल पातं. पात्याच्या कडेला हिऱ्याची कणी लावलेली असते. ‘हिऱ्याची’ हे ऐकून माझी बायको सुनंदा पहिल्या दिवशी फार प्रेमाने बघायला आली होती. त्यानंतर ती बाल्कनीत फक्त कपडे वाळत घालायला येते.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये त्यांचं लोखंडी कामाचं वर्कशॉप आहे आणि माझ्या हातून काही होत नाही, यावर त्यांची श्रद्धा आहे. त्यांच्या गावी विहीर खणताना निघालेला एक गोल दगड त्यांच्या वडिलांनी देवघराशेजारी ठेवला होता. वडील गेल्यावर तो दाजींकडे आला. आता त्यांच्या धाकट्या मुलाचं, म्हणजे ओंकारचं, लग्न ठरलं, तसा एक दिवस दाजींनी तो फडक्यात गुंडाळून माझ्याकडे आणला.

“अवि, याचे दोन भाग कर. एक प्रसादला, एक ओंकारला. आजोबांची आठवण दोघांच्या घरात राहील. पण निम्मा म्हणजे निम्मा हां! उद्या पोरांत वाद नको.”

“दाजी, काळजीच सोडा. तुमच्याकडच्या केळवणाला हातात देतो.”

“आमच्याकडचं कुठलं? मामाकडचं पहिलं केळवण! तुझ्याकडेच आहे. जमणार असेल तर घे. नाहीतर माझ्या वर्कशॉपला टाकतो, पोरं बघतील.”

“दाजी,” मी म्हणालो, “दगड हा माझा विषय आहे!”

हे वाक्य मी उच्चारलं नसतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

दगड यंत्रावर चढवला, मोटर सुरू केली, आणि पकड घट्ट आवळायची तेवढी विसरलो. अर्ध्यावर गेल्यावर दगड फिरला. पात्यातून असा आवाज आला, जसा मी आयुष्यात फक्त दहावी ‘फ’च्या फळ्यावर ऐकला होता. मोटर बंद करून पातं बाहेर काढलं, तर ते एका बाजूने खोलगट झालेलं. त्यात आमटी वाढता आली असती!

नवं पातं मागवलं तर ते यायच्या आत केळवण काय, ओंकारचं लग्नसुद्धा उरकलं असतं. ठाण्या-कल्याणात पातं हमखास सरळ करून देईल असा एकच माणूस मला माहीत होता. त्याचं नाव दाजी.

मग मी हातोडी घेतली. ओट्याचा ग्रॅनाइट सपाट असतो म्हणून पातं ओट्यावर ठेवलं. सुनंदा लाटणं घेऊन आडवी आली.

“ओट्यावर नाही! अहो, ओटा आहे तो, कारखाना नाही!”

म्हणून हॉलच्या लादीवर ठोकायला बसलो. आतून माझी लेक ऋचा ओरडली, “बाबा, कॉल चालूय माझा! क्लायंट विचारतोय, घरात काम काढलंय का!” तासाभराने बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या म्हात्रे काकू. आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्याच सासऱ्यांच्या भातशेतीवर, त्यामुळे त्यांना कोणीही उलट बोलत नाही.

“मास्तर, सकालपासून काय ठोकताव? आमचे सीलिंगचा पोपरा परला ना!”

मी पातं दाखवलं. काकूंनी ते उजेडात धरून नीट पाहिलं.

“यो तं पापरावानी वाकलाय. दोन पाटांचे मधी घाला नि वर बसा. आमी पापर असंच सरल करतो.”

भूगोलाच्या पदवीत पापड येत नाही. मला ते एकदम पटलं! एक पाट सुलट, त्यावर पातं, त्यावर दुसरा पाट उपडा, आणि त्याच्या दोन पायांच्या मधे माणूस. सुनंदाने त्यावर बसून मेथी निवडली, ऋचाने लॅपटॉप घेऊन मीटिंग केली, मी पेपर वाचला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून मोठ्या उत्सुकतेने पाट उचलला. पातं खोलगटच होतं. फक्त आता दुसऱ्या बाजूने!

“नुसतं दाबून काय होणार?” मी म्हणालो. “लोखंड तापवायला लागतं.”

पातं गॅसवर ठेवलं. वर्षभर तेलात फिरलेलं पातं ते! स्वयंपाकघरात असा काळा धूर झाला, की समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी ‘फायर ब्रिगेड बोलवू का?’ म्हणून विचारलं. सुनंदा पदर नाकाला लावून दारात उभी राहिली.

“तापलंच आहे तर त्यावर दोन घावन टाकू का?”

मी सांडशीने ते उचललं, तसंच दोन पाटांमध्ये घातलं आणि वर बसलो. पाटांच्या मधून ‘चर्र’ असा आवाज आला. मी उठलो नाही. (उठावंसं फार वाटलं.)

आणि पातं सरळ झालं! म्हणजे, जवळजवळ. यंत्रावर ते जरा डुलत फिरत होतं, पण फिरत होतं. आधीची चीर वाकडी गेली होती, म्हणून दगड उलटा लावून दुसऱ्या बाजूने कापायला घेतला. शेवटी तो सुटला. मी तुकडे घाईघाईने फडक्यात बांधले आणि केळवण होईपर्यंत ते गाठोडं उघडायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं.

केळवणाला दाजी क्रीम रंगाचा सिल्कचा झब्बा-पायजमा घालून आले. सुनंदाने काळ्याभोर पाटांवर फडकं फिरवून भोवती रांगोळी काढली होती. एका पाटावर ओंकार, दुसऱ्यावर दाजी. ताईचे गुडघे दुखतात म्हणून ती खुर्चीत, शेजारी थोरला प्रसाद. औक्षण झालं, पुरणपोळी झाली, दाजी हात धुवायला उठले आणि ताई किंचाळली.

“अहो, मागे काय झालंय?”

मागे ताटाएवढं, गोल, काळंकुट्ट वर्तुळ उठलं होतं. पाटात मुरलेलं जळकं तेल दाजींच्या वजनाने वर आलं होतं. ओंकारची जीन्स काळी, म्हणून तो वाचला.

मग सगळं सांगावंच लागलं. ऋचाने तर पापडांसकट सांगितलं. दाजी भिंतीला पाठ लावून शांतपणे ऐकत होते.

“ते जाऊ दे,” ते म्हणाले. “दगड कुठाय?”

मी गाठोडं सोडलं. आतून दगड सुंदर होता, खडीसाखरेसारखे पांढरे खडे चमचम करत होते. पण एक भाग चांगला नारळाएवढा आणि दुसरा जेमतेम करवंटीएवढा! दाजींनी दोन्ही हातांत दोन्ही धरले. त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या वडिलांचा दगड होता तो, पुन्हा काही जुळणार नव्हता. आता मात्र मला खरंच भीती वाटली, आणि वाईटही वाटलं.

“निम्मा म्हणालो होतो, अवि.”

तेवढ्यात ओंकार पुढे झाला आणि त्याने छोटा भाग उचलला.

“पप्पा, बरोबर आहे ना! दादाचा ठाण्यात टू बीएचके आहे, आमचा शिळफाट्याला वन बीएचके. मोठा घेऊन मी काय बाहेर झोपू? आजोबा मावले म्हणजे झालं. मामाने एरिया बघूनच कापलाय!”

प्रसाद हसला, ताई हसली आणि शेवटी दाजीही हसले. मला तर बळच आलं. “म्हणजे काय!” मी म्हणालो. “मोजूनमापूनच कापलाय.”

दाजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मला दोनच मुलगे आहेत, हे तुझं नशीब समज.”

त्यावर सगळ्यात मोठ्याने मीच हसलो. कारण त्या दगडाचा तिसरा तुकडा तेव्हा माझ्या खिशात होता.