केळ्यातली गोळी

आमच्या सासूबाई अफू खायच्या. हे मी काही घरातलं गुपित फोडत नाहीये, कारण त्या चोरून खातच नव्हत्या. गावकुसाच्या शनवारा दरवाज्यापासून हाकेच्या अंतरावर ठेक्याचं दुकान होतं. वर सरकारी पाटी, आत गादीवर ठेकेदार. इंग्रज सरकारच्या परवान्यानं मिळणारी वस्तू, तिची लाज कसली? लाज दारूची. अफू म्हणजे औषध. सांधे दुखले, अफू. खोकला झाला, अफू. पोटाला ढाळ लागली, अफू. पोट एकदा बंद पडलं की मात्र अफूकडे उत्तर नव्हतं. आमची गोष्ट तिथूनच सुरू होते.

सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. आत्याबाई तेव्हा साठीच्या पुढं गेलेल्या. कमरेला पितळी डबी खोचलेली असायची. सकाळी एक गोळी, दुपारी एक. दुपारची गोळी घेतली की चार वाजेपर्यंत घरात भांडं वाजवायची सोय नव्हती.

त्यांच्या हाताची गल्लीत मोठी ख्याती होती. त्या काळी तान्ह्या लेकरांनाही अफू देत, हे आज सांगितलं तर माझ्या नातसुना तोंडावर हात ठेवतात. पण देत, बाई, सगळ्याच देत. कापूस वेचायला जाणाऱ्या देत, घरी पंधरा माणसांचं रांधणाऱ्याही देत. मोहरीएवढी गोळी आईच्या दुधात उगाळायची आणि बोटानं चाटवायची. लेकरू गप पडे, हात कामाला मोकळे होत. मात्रा तेवढी बरोबर बसली पाहिजे. ती आमच्या आत्याबाईंच्या हातची बसते, असं अख्खी गल्ली म्हणायची.

माझा पहिला मुलगा सहा महिन्यांचा होऊन गेला. दुपारी निजला, तो उठलाच नाही. देवाला आवडला, असं सगळे म्हणाले. मीपण म्हणाले. पुढे दोन वर्षांनी मुलगी झाली. दीड महिन्याची असताना आत्याबाईंनी तिला मांडीवर घेऊन डबी उघडली, तेव्हा माझे हात पुढं होऊन मागे आले. तोंड मात्र बंदच. सासूच्या मांडीवरचं लेकरू सुनेनं ओढून घेतलं, असं आमच्या घरात कधी घडलं नव्हतं, आणि तो मान आपण पटकावावा एवढी माझी छाती नव्हती. मुलगी रोज दुपारी निजायची आणि मी रोज दुपारी तिच्या नाकापाशी बोट धरून बसायची. शेजारणी म्हणायच्या, किती गुणी पोर, रडत म्हणून नाही!

मुलगी चार महिन्यांची झाली आणि आत्याबाईंचं पोट बंद पडलं. आठ दिवस झाले. एरंडेल झालं, हरडा झाला, वैद्य येऊन दक्षिणा घेऊन गेले. पोट नगाऱ्यासारखं. शेवटी सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आणले. ते बंगाली होते, हिंदी बोलायचे, पण असं की शब्द तोंडात घोळवून गोल करूनच बाहेर सोडायचे. त्यांनी पोटावर दोन बोटं वाजवली आणि म्हणाले, "दवाखाने में लाना होगा."

आमचे सासरे, म्हणजे मामंजी, ताठ झाले. "बाईमाणूस दवाखान्यात जातं ते चार खांद्यांवर परत येतं, डागदरसाहेब."

"घर में रखोगे तो चार कंधे यहीं बुलाने पड़ेंगे," डॉक्टर म्हणाले आणि बॅग उचलली.

टांगा आला. आत्याबाई सोवळ्यातल्या, दवाखान्यातलं पाणीही चालणार नाही. तेव्हा सोबतीला सून हवी, आणि सून अंगावर पाजणारी, म्हणून तान्ही मुलगीही हवी. अशा आम्ही तिघी निघालो.

पोट दोन दिवसांत मोकळं झालं. कसं, ते कुणाला सांगायचं नाही अशी आत्याबाईंनी मला शपथ घातलेली आहे, म्हणून लिहीत नाही.

आम्ही परत निघायला पदर खोचला, तर डॉक्टर म्हणाले, अजून नाही. हे सगळं अफूनं झालंय, अफू सुटेपर्यंत सोडणार नाही, तीन आठवडे लागतील. डबी त्यांनी मागून घेतली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. एकदम बंद केली तर म्हातारं शरीर सोसणार नाही, म्हणून रोज कंपाउंडर काट्यावर तोलून दोनाऐवजी एकच गोळी देणार आणि रोज तांदळाच्या एका दाण्याइतकी कमी करत जाणार.

आत्याबाईंनी कुलपाकडे पाहिलं. मग त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, "दुकान सरकार का, दवाखाना भी सरकार का. एक हात से देता है, दूसरे हात से काढून लेता है. दोन्ही हात आपस में बोलते नहीं क्या, बाबा?"

डॉक्टर हसले. "हम भी सरकार के ही हैं, माँजी. हमसे भी कोई नहीं बोलता."

आम्हाला बायकांच्या बाजूची कोपऱ्यातली खोली दिली. नशेवाल्या आणि डोकं फिरलेल्या बायका तिथं ठेवत. आत्याबाईंना ते फार लागलं. "मला वेड्यांत घातलं गं," म्हणून दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसल्या. दुसऱ्या खाटेवर मोमीनपुऱ्यातली एक म्हातारी विणकरीण होती. तिला झोप म्हणून नव्हती. बसल्या जागी हात हवेत चालवून माग विणायची आणि मेलेल्या नवऱ्याला म्हणायची, "धागा टूटा, देखते नहीं?" आत्याबाई तिला शिवल्या नाहीत, पण तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याच्या बाजूनं बोलायला लागल्या. "बेचारा देखेगा कैसे? दिनभर तू बोलती है."

डबी कपाटात गेली, तशी मुलीची दुपारची गोळीही गेली. मी मनात म्हटलं, देवा, न मागता दिलंस. पण देव इतक्या स्वस्तात देत नाही. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना जांभया सुरू झाल्या. एकीतून दुसरी निघे. मग शिंका, डोळ्यांतून पाणी, ढाळ, पायांत कळा. "कुणीतरी हाडं पिळतंय गं." मी त्यांचे पाय चेपत होते आणि शेजारी मुलगी शिंकत होती. एक, दोन, सात. तोंड उघडून म्हाताऱ्या माणसासारखी जांभई देत होती. दुपटी बदलून हात दुखले. रडली तर अशी रडली की जन्मापासूनचं राहिलेलं सगळं रडणं तिनं त्याच दिवशी उरकायला काढलं. दवाखान्यातली दाई म्हणाली, दात येत असतील. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. मला वाटलं, हीपण जाते आता.

आता घरच्यांचं ऐका. डॉक्टरांनी आत्याबाईंना केळी द्या म्हणून सांगितलं होतं. पोटाला बरी, आणि सालीतलं फळ सोवळ्यातही चालतं. तिसऱ्या दिवशी थोरल्या जाऊबाई केळी घेऊन आल्या. जाताना आत्याबाईंच्या कानाशी लागल्या. त्या गेल्यावर आत्याबाईंनी केळं सोललं, देठापाशी दाबलं, तर आत काळी गोळी! देठाकडची साल जराशी उचलून काडीनं खुपसलेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुपट्यांकडे पाहिलं. गोळी गेली, जांभया थांबल्या.

संध्याकाळी मामंजी आले. तेही केळी घेऊन. "हिला सोसवत नाही, मी चाळीस वर्षं पाहतोय," एवढंच मला म्हणाले, आणि एक केळं वेगळं काढून दिलं. सकाळी आमचे हे आले. आईची दया लेकाला येणारच. प्रत्येकाला वाटे, ही युक्ती आपल्यालाच सुचली, आणि प्रत्येक जण मला बजावून जाई की बाकीच्यांना कळू देऊ नकोस. तिकडे कंपाउंडर तांदळाचा एकेक दाणा कमी करत होता, इकडे घडामागून घड येत होते.

चौथ्या दिवशी दुपारची गोष्ट. मुलीचा आवाज बसला होता, तरी तोंड उघडून ती रडतच होती. माझं दूध घेईना. विणकरीणसुद्धा माग थांबवून बघायला लागली. आत्याबाईंनी केळं सोललं, गोळी काढली. तिचा मोहरीएवढा तुकडा नखानं तोडला आणि मला म्हणाल्या, "वाटीत जरा दूध काढ. किती रडवशील लेकराला?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "नको, आत्याबाई."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्यांना 'नको' म्हटल्याचं मला तरी आठवत नव्हतं. त्यांनाही आठवलं नसावं. त्या रागावतील म्हणून मी वाट बघत राहिले.

तेवढ्यात मुलीनं जांभई दिली आणि लागोपाठ तीन शिंका. आत्याबाई तिच्याकडे बघत राहिल्या. तिच्या पिंढरीवर हात ठेवला. ती लहानशी पिंढरी कळांनी कशी थरथरत होती, ते त्यांच्या तळव्याला कळलं असणार.

"हिला माझंच झालंय गं," त्या म्हणाल्या.

मी दुपटं बदलायला घेतलं.

थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "थोरला असा रडला नाही कधी. नाही का?"

"नाही, आत्याबाई. एकदाही नाही."

त्यांनी नखावरचा तुकडा परत गोळीला चिकटवला, नीट मळला, आणि अख्खी गोळी आपल्या तोंडात टाकली. "दोघींतली एक तरी सुटू दे," म्हणाल्या. "जा. डागदरला बोलव. हिला गोळी मीच चाटवायची म्हणून सांग. घाबरू नकोस, मला अजून काय करणार आहे तो? वेड्यांत तर घातलंच आहे."

डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढून मी डॉक्टरांपुढं जाऊन उभी राहिले आणि जन्मात पहिल्यांदा परक्या पुरुषाशी बोलले. डॉक्टर आधी ओरडले, मग धावले. बाटलीतून अफूच्या अर्काचे थेंब मोजून मुलीला दिले. म्हणाले, हिचंही एकदम तोडायचं नाही, रोज एक थेंब कमी. दाईला तिच्या उशाशी बसवली. पुढं दहा-बारा दिवस लागले. आठव्या दिवशी ती रडायची थांबली आणि डोळे उघडून छताकडे बघायला लागली. तिचे डोळे इतके मोठे आहेत, हे मला तेव्हा कळलं. पुरते उघडलेले कधी बघितलेच नव्हते ना.

आता प्रामाणिकपणे सांगायचं, तर केळ्यांचंही तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. ज्या बाईनं माझं लेकरू परत दिलं, तिची गोळी मी कोणत्या तोंडानं पकडून देऊ? देऊ शकले असते तर कदाचित त्याही सुटल्या असत्या. हे मी पुष्कळदा मनाशी घोळवलेलं आहे.

इकडे आत्याबाईंची तब्येत डॉक्टरांच्या अपेक्षेपेक्षा फार सुधारली. गोळी तांदळाच्या चार दाण्यांवर आली तरी पेशंट हसतमुख! दुपारी गाढ झोप, वेदना नाही, तक्रार नाही. दोन आठवड्यांनी जिल्ह्याहून मोठा साहेब तपासणीला आला. डॉक्टरांनी त्याला थेट आमच्या खोलीत आणलं आणि आपली पद्धत समजावून सांगितली. आत्याबाई उठून बसल्या, हात जोडले आणि अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांनी अशा काही हसल्या की साहेबानं टोपी काढली. तेवढ्यात दुसऱ्या खाटेवरून घोरणं ऐकू आलं. महिनाभर न झोपलेली विणकरीण गाढ झोपली होती. डॉक्टर म्हणाले, हे आमच्या नव्या औषधानं. तासाभरापूर्वीच आत्याबाईंनी तिला अर्धं केळं दिलं होतं, देठाकडचं. मी दुपट्याच्या घड्या घालत राहिले.

तीन आठवड्यांनी आम्हाला सोडलं. कागदावर आत्याबाई बऱ्या झाल्या असं लिहिलं. मुलीचं नाव कागदावर कुठंच नव्हतं, कारण तिला भरतीच केलं नव्हतं. डॉक्टरांनी धुऊन पुसून पितळी डबी परत दिली आणि म्हणाले, "माँजी, अब इसमें इलायची रखना." त्याच संध्याकाळी मामंजी ठेक्यावर जाऊन आले.

आत्याबाई पुढं नऊ वर्षं जगल्या आणि नऊ वर्षं खात राहिल्या. पण त्या डबीतलं मोहरीएवढंही पुन्हा कुठल्या लेकराच्या तोंडात गेलं नाही. बाया यायच्या. "आत्याबाई, आज शेतावर जायचंय, जराशी द्या ना. तुमच्या हातची बसते." आत्याबाई गालात गोळी धरूनच नाही म्हणायच्या. बाया चिडायच्या. एकीनं तर तोंडावर सुनावलं, "स्वतः खाता अन् आम्हाला शहाणपण शिकवता?"

"मी म्हातारी. मला झोपेतच जायचंय," आत्याबाई म्हणाल्या. "तुझं लेकरू इथं टाक आणि जा कापसाला. मी बघते."

हे म्हणणं त्यांना फार महागात पडलं. हळूहळू आमच्या ओसरीवर रोज दुपारी तीन-तीन, चार-चार झोळ्या टांगल्या जाऊ लागल्या. अफू न मिळालेली ती पोरं, ती काय गप राहतात? एक थांबलं की दुसरं. चाळीस वर्षं ज्यांच्या दुपारच्या झोपेला घर वचकून होतं, त्या आत्याबाई मधोमध बसून दोन्ही हातांनी दोऱ्या ओढायच्या. गोळीची गुंगी यायची, मान छातीवर पडायची, हात थांबायचे. मग एखाद्या झोळीतून किंकाळी उठे. त्या दचकून जाग्या व्हायच्या, एकेक झोळी उघडून आत बघायच्या, सगळी हलताहेत याची खात्री करून घ्यायच्या आणि दोऱ्या परत हातात घेत म्हणायच्या, "रडा रे, रडा."