सोमाचे खांदेकरी

लिहायला फार उशीर झाला, माफ करा. माझ्या मित्राला खांदा कोणी दिला ते कळू दे, मग लिहू, म्हणून थांबलो होतो.

अजून कळलेलं नाही.

सोमा गेला. जर्मनीत, एका लहान गावच्या चर्चमध्ये तो राखणदार होता. अनोळखी नंबरवरून मेसेज आला. दवाखान्यात वारला, माती झाली, एवढंच. खाली त्याचा फोटो आणि बाजूला मेणबत्ती.

मी लगेच उलट विचारलं. एकच टिक दिसते. फोन लावला तर लागत नाही. दिवसातून कितीदा उघडून बघतो, सांगायलाही लाज वाटते.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. सोमा एटापल्लीकडच्या जंगलातला, सुतार. मी चिमूरचा, रंगारी, सातवी नापास. दोघंही मिशनच्या आवारात कामाला होतो. ख्रिस्ती आम्ही कोणीच नाही. पण इथल्या फादरांच्या ओळखीच्या त्या चर्चला डागडुजीसाठी मदतीची माणसं हवी होती. तेव्हाच्या फादरांनी, आता तेही नाहीत, विचारलं, जाता का?

सोमा म्हणाला, "चाल बे दौलत्या, इमानात बसून तं पाहू."

पंधरा-सोळा वर्षं झाली.

सुरुवातीला आम्ही बाकं पुसली, दारासमोरचा बर्फ लोटला. लोटलेला बर्फ सकाळी पुन्हा तेवढाच. सोमा म्हणे, "या लोकायचा देव रोज काम काढून ठेवते बे."

मग एका सकाळी मयत आली.

एक म्हातारा. नातेवाईक नाही, शेजारी नाही. पाद्री, खड्डा खोदणारा माणूस आणि आम्ही दोघं. पेटी न्यायला चाकांची गाडी होती. ठेवायची आणि ढकलायची.

सोमा त्या गाडीच्या आडवा उभा राहिला.

"याचे लोकं कुठी हायेत?"

"नाई कोणी," मी म्हटलं.

"म्हणून गाडीवर? माणूस व्हय का धानाचं पोतं?"

भाषा येत नव्हती. त्याने पाद्रीला आपला खांदा थोपटून दाखवला. पाद्रीने कोट काढून ठेवला.

पुढे आम्ही दोघं, मागे ते दोघं. सोमा उंचापुरा आणि मी हा असा बुटका. पेटी माझ्याकडे कलंडायला लागली.

"टाचा उचल बे दौलत्या! म्हातारा तुह्या अंगावर येते!"

मयतीत हसू नये. मला हसू आलं. शेवटी थांबून सोमाने आपला मफलर घडी करून माझ्या खांद्यावर ठेवला, तेव्हा पेटी सरळ झाली.

परत आलो तर प्रश्न पडला, आंघोळ केल्याशिवाय आत कसं जायचं? तळघराच्या दाराशी नळ होता. पोछ्याची बादली भरली आणि घेतली अंगावर. तिथली स्वयंपाकीण बाई ओरडतच आली. तिला वाटलं, हे दोघं पागल झाले.

सोमाचे दात वाजत होते. तरी तिला समजावून सांगत होता, "बाई, मयतीहून आलो न आमी!"

तिला काय कळणार? तिने दोघांना घोंगड्यात गुंडाळलं आणि गरम सूप दिलं.

सूप पिताना सोमा म्हणाला, "मी इथी मेलो तं मले गाडीवर नेऊ नको देजो."

"मरतं काऊन? काम करून वापस जायचं हाय."

"तरी सांगून ठेवतो."

माझं काम संपलं, मी परत आलो. त्याची बायको आधीच वारली होती, मुलगी सुनंदा वडशाला दिली होती. चर्चने ठेवून घेतलं, तो राहिला. घंटा वाजवायचा, बर्फ लोटायचा.

मागच्या दिवाळीत फोनवर मी विचारलं, रविवारी किती लोकं येतात?

"मी धरून चार."

"अन् पाद्री?"

"तो तं कवाचाच गेला. आता दुसऱ्या गावचा येते. कधी येते, कधी नाई."

मी धरून चार.

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता ते डोक्यातून जात नाही. सोमाला वजा केलं की तीन उरतात, आणि तेही म्हातारेच असणार. पेटीला तर चार खांदे लागतात.

सुनंदाने येत्या रविवारी सोमाच्या गावी जेवण ठेवलं आहे. आमच्याकडे मयताच्या जेवणात खांदेकऱ्यांना आधी वाढतात. त्यांची चार पानं. ते उठले की मग बाकीचे. माणसं परदेशात असली तरी नाव घेऊन पान मांडता येईल, असं गावाने ठरवलं. पण नाव तर पाहिजे.

"काका, पानं कोणाच्या नावानं मांडू?"

"विचारून राह्यलो बाई."

"बाबाले खांदा भेटला का नाई, एवढं तरी सांगा ना."

मी पुन्हा फोन उघडून पाहिला, तीच एक टिक.

एका पानावर मी बसतो म्हटलं. गावचे म्हातारे म्हणाले, "दौलतभाऊ, तुमच्या खांद्यावर भार नाई आला. ते पान तुमचं कसं होईन?"

त्यांचं बरोबर आहे.

सोमा, बातमी आली त्या दिवशी मी थंड पाण्याने आंघोळ केली. पण तू गेलास तो दिवस कोणता, तुझी माती झाली तो कोणता, काहीच माहीत नाही. माझ्याने यायचं झालं नाही रे. माझा शेवटचा जोहार घे.

मित्रांनो, ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी ही पोस्ट पुढे पाठवा. आणि सोमा ज्या चर्चची घंटा वाजवायचा त्या गावचं कोणी वाचत असेल तर, खाली एक बटन असतं म्हणे, दाबलं की तुमच्या भाषेत दिसतं.

मला फक्त नावं पाठवा. चार असतील तर चार. तीन असतील तर तीन. गाडीवर नेलं असेल तर तेही लिहा, मी रागावणार नाही.

पण रविवारच्या आत कळवा. सुनंदा पानं घेऊन बसली आहे.