नव्या यंत्राला ‘तुम्ही’ म्हणणारा मिस्त्री

१९५७ साल, मी चाळिशीचा. कुंभकोणमच्या वखारीत लाकडं कापायचो. आमच्या मुदलाळीनं, म्हणजे मालकानं, पेट्रोलवर चालणारी साखळीकरवत घेतली. निवडली मात्र वखारीतली यंत्रं सांभाळणाऱ्या मिस्त्रीनं. मोठी चकचकीत सोडून हाताला कमी थरथरणारी घेतली.

हा मिस्त्री माणसांशी तमिळ बोले आणि यंत्रांशी घरची मराठी. नव्या यंत्राला ‘तुम्ही’ म्हणे. “सावकाश चला, घाई नाही.” रुळलं की मग ‘तू’.

पहिल्याच दिवशी मुदलाळीला पाहुण्यांसमोर चिंचेचा जाडजूड ओंडका कापून दाखवायचा होता.

मिस्त्री म्हणाला, “आठवडाभर नुसत्या फांद्या. नवं इंजिन जळेल.”

“मालक कोण रे? तू की मी?”

“तुम्हीच. पण जळलं की शिव्या मला.” आणि तो सरळ ओंडक्यावर मांडी घालून बसला. “कापा. आधी मला.”

पाहुणे हसले. मुदलाळीनं त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं आणि करवत माझ्या हाती दिली. “उद्या तू काप.”

मी दुसरीत शाळा सोडलेला, पण कुणाचं ऐकायचं ते मला कुणी शिकवू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी मुदलाळी ओंडक्यापाशी उभा राहून ओरडत होता, आणि मी इंजिन हळू ठेवून फांद्याच कापत होतो.