सातव्या पोर्टची केबल

मानवी बुद्धीच्या पलीकडे काहीतरी आहे, हे मी अनुभवाने मान्य करतो... बहुतेक वेळा ती ढिली बसलेली पिन असते. इतकी वर्षं सर्व्हर सांभाळतोय. भूतखेत कधी मानलं नाही, अजूनही मानत नाही. तरी हे लिहितोय.

जळगाव जामोदच्या एका खासगी रुग्णालयाचा सर्व्हर मी चिखलीत बसून बघतो. त्याला दोन केबल आहेत. एकीवरून रोजचं काम चालतं. दुसरी स्विचच्या, म्हणजे नेटवर्कच्या केबल जोडायच्या डब्याच्या, सातव्या पोर्टमधून येते — सर्व्हर बंद पडला तर तिच्यावरून तो लांबून चालू करता येतो. एरवी तिच्याकडे कोणी बघतही नाही.

मागच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, इरफानचा फोन आला. रुग्णालयाचे कॉम्प्युटर तोच बघतो. लाईन गेली, बॅटरी संपली, लाईन परत आली, पण सर्व्हर बंदच. खोलीला लोखंडी दार — डेटाच्या सुरक्षेसाठी अध्यक्षांनी खास बनवून घेतलेलं — आणि एकुलती एक किल्ली अध्यक्षांच्याच खिशात. ते शेगावला, दर्शनाच्या रांगेत. फोन बंद. मी म्हटलं, मग संध्याकाळपर्यंत थांब.

"भाऊ, सर्व्हरवर अब्बाचा स्कॅन हाय," तो म्हणाला. "गच्चीवरून पडले. नागपूरच्या डॉक्टरले पाठवायचा हाय... ते मोबाईलच्या फोटोवरून नाही सांगत म्हन्ते."

अकोल्याला हलवायचं की नाही, ते त्या डॉक्टरांच्या शब्दावर होतं. मी सातव्या पोर्टवरून लॉगिन केलं. पान उघडलं, 'पॉवर ऑन' दाबलं. थोड्या वेळाने इरफान म्हणाला, "झालं चालू."

डॉक्टरांनी स्कॅन पाहून सांगितलं, हलवू नका. फार वेळ नाही, माणसं बोलावून घ्या. खामगावहून बहीण पोचली. अब्बा अँब्युलन्समध्ये नाही, लेकरांच्या जवळ गेले... चमत्कार म्हणावा, तर त्याने आणलेली बातमी ही.

दफन होऊन इरफान पुन्हा कामावर आला, तेव्हा मीही तिथे गेलो. सर्व्हरचं रॅक, म्हणजे त्याचं कपाट, उघडलं. सातव्या पोर्टची केबल मधोमध कापलेली. दोन्ही टोकं वीतभर अंतरावर लोंबत होती. स्विचमधली नोंद सांगत होती, हा पोर्ट सर्व्हरच्या उद्घाटनाच्या दिवसापासून बंद आहे.

इरफानला आठवलं. फोटोत मशीन यावं म्हणून फीत रॅकलाच बांधली होती. अध्यक्षांनी फीत कापली, तिच्यामागची केबलही कापली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तुम्ही म्हणाल, लाईन आल्यावर सर्व्हर आपोआप सुरू झाला असेल. ती सोय मीच बंद ठेवलीय. आणि मग मी लॉगिन कशात केलं? दुसऱ्या केबलवरून ते पान उघडतच नाही. तिथे बसून पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

मी बॅगेतून नवी केबल काढली. इरफान रॅकसमोर येऊन उभा राहिला.

"राहू द्या ना, भाऊ. काऊन बदलून राह्यले?"

"अरे, कापलेली केबल ठेवून कसं चालेल?"

"चाललं ना," तो म्हणाला.

मी केबल बदलली. तेव्हापासून तो पोर्ट लागलेला नाही. स्विच बदलला, सर्व्हरचं कार्ड बदललं, माझ्याहून जाणत्या लोकांना दाखवलं. कारण कोणालाच सापडलं नाही. आता सर्व्हर बंद पडला की मी चिखलीहून एसटीने जातो आणि बटण दाबतो.