माळेतली माझी चप्पल

आमच्या घरातले कपडे आणि चपला माझ्या ताब्यात असतात. बायको म्हणते, "ताब्यात न्हाई, तुरुंगात."

तिला काय म्हणायचं ते म्हणू दे. शर्ट उलटा करून धुवावा, पिळू नये, सावलीत वाळवावा. कॉलर घासली की शिंप्याकडून उसवून उलटी बसवून घ्यावी. तिची आतली बाजू कोरीच असते, तिनं फुकट का बसून राहायचं? कातडी चप्पल भिजली तर उन्हात ठेवू नये. रद्दीत गुंडाळून सावलीत सुकवावी आणि मग एरंडेलाचा हात फिरवावा. एक दिवस घातली की दुसऱ्या दिवशी तिला सुटी द्यावी. मी बीडला कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो, त्यामुळे हे गणित मला सरळ दिसतं. दोन जोड आलटूनपालटून वापरले तर ते तीन जोडांएवढे चालतात. तो तिसरा जोड कुठून येतो, हे बायकोला मी अनेकदा समजावून सांगितलं. तिला तो अजून दिसलेला नाही.

माझा आवडता जोड धारूरच्या बाजारातला. थोरली बालवाडीत होती तेव्हा घेतलेला. ती आता कॉलेजात जाते. तळ तिसरा, टायरचा. उजव्या चपलेचा अंगठा मी स्वतः शिवला होता, दोऱ्याला मेण लावून. काळा दोरा संपला होता म्हणून लाल वापरला. चालताना हा जोड कर्र कर्र वाजायचा आणि उन्हाळ्यात त्याला एरंडेलाचा वास सुटायचा. लग्नाच्या मांडवात मी दिसायच्या आधीच बायका माझ्या बायकोला सांगायच्या, "आले गं तुझे मालक." तिची खरी तक्रार ती होती.

एका चतुर्थीला आम्ही लिंबागणेशला गेलो. दर्शन घेऊन बायको माझ्याआधी बाहेर पडली. मी आलो तर माझ्या चपला जागेवर नाहीत.

"चोरीला गेल्या वाटतं," ती म्हणाली. फार लवकर म्हणाली, पण तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं नाही.

मी आजूबाजूला पाहिलं. शेजारी नवेकोरे बूट तसेच पडलेले.

"दोनदा तळ बदललेली चप्पल नेली आणि हे बूट ठेवले? हा कसला चोर?"

"चोराला पारख आसंल."

मी अनवाणी गाडी चालवत घरी आलो. पुढे कितीतरी दिवस बाजारात मी लोकांचे चेहरे न बघता पाय बघत होतो. बायको मधूनमधून म्हणायची, "आता नवी घ्या की." मी दुसरा जोड रोज वापरायला लागलो. सुटी न मिळाल्यामुळे तो डोळ्यांदेखत खंगत चालला.

मग धुळवड आली.

माझी सासुरवाडी केजच्या बाजूला. तिथं धुळवडीला एका जावयाला गाढवावर बसवून गावभर मिरवतात. गळ्यात फाटक्यातुटक्या चपलांची माळ घालतात आणि शेवटी मारुतीच्या देवळापुढं नव्या कपड्यांचा आहेर करतात. मान म्हणा, फजिती म्हणा, दोन्ही एकदम. त्या आठवड्यात गावच्या जावयांचे फोन बंद लागतात. मीही बरीच वर्षं हुकवत आलो होतो. मला गाढवाची लाज नव्हती, रंगाची भीती होती. तो पक्का रंग कपड्यावरून जन्मात जात नाही.

त्या वर्षी बायको म्हणाली, "आईला बरं न्हाई. बघून लगीच माघारी येऊ." होळीच्या दिवशी गेलो, तर सासूबाई पुरण वाटत बसलेल्या. रात्रीतून माझ्या गाडीची चावी नाहीशी झाली. सकाळी मेहुणा दहाबारा पोरं घेऊन दारात हजर.

"चला दाजी. गाढव हुबं राहून कटाळलंय."

"मला शर्ट बदलू द्या."

"धुळवडीला कशाला इस्त्रीचा शर्ट लागतोय?"

"म्हणूनच म्हणतो. जुना घालतो."

पोरांनी माझी पिशवी उपसली. तिच्यात एकही जुना कपडा सापडेना. होते सगळे जुनेच, पण एकही तसा दिसेना. मी सांगतोय की हा निळा सर्वांत जुना, आणि मेहुणा म्हणतोय, "दाजी, थापा मारू नका, ह्याची घडीबी मोडली न्हाई." शेवटी मी शर्ट काढला, इस्त्रीच्या घडीवर घडी घालून सासूबाईंच्या हातात दिला आणि मेहुण्याचं भोकाभोकांचं बनियन घालून गाढवावर बसलो. चपला काढून घेतल्या होत्या. गळ्यात माळ पडली, हलगी वाजायला लागली.

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं आणि मी माळेकडं. दुसरं करणार काय? एका चपलेचा नुसता पट्टा सुटलेला, दोन टाक्यांचं काम. एक बूट उन्हात वाळवल्यामुळं तळापासून उकललेला. मालक कोण असेल त्याला बोलावून चार शब्द सांगावेत असं वाटत होतं. तेवढ्यात गाढवानं वळण घेतलं, माळ सरकली आणि माझ्या हनुवटीखाली एक उजवी चप्पल आली. अंगठ्याला लाल दोरा.

"थांबा!" मी ओरडलो. हलगी थांबली. "ही माझी हाय!"

"आता माळ तुमचीच की दाजी," मेहुणा म्हणाला. पोरं हसली.

"माळ नव्हं, चप्पल! लिंबागणेशहून चोरीला गेल्ती. हिथं कशी आली?"

मेहुण्यानं ओट्यावर उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडं पाहिलं. बायकोनं पदर तोंडावर घेतला. तिचे खांदे हलत होते, आणि ते रडण्यानं नव्हे.

"ताईनं दिल्ती," तो म्हणाला. "म्हणली, माळेत घाल, धुळवडीनंतर फेकून दे, मंजी सुटल एकदाचं."

म्हणजे माझा जोड संध्याकाळी उकिरड्यावर जाणार होता. मी गाढवावरून उतरायला लागलो तर चौघांनी धरलं. मिरवणूक अर्ध्यावर सोडायची रीत नाही. मग मी बसल्या बसल्याच विचारलं, "माळेत काय घालायचं आसतं?"

"फाटकं, तुटकं, टाकाऊ," पुढं चाललेले माझे चुलत सासरे म्हणाले. गावात त्यांचा शब्द चालायचा.

"मग ही टाकाऊ हाय का, बघा."

त्यांनी माळ सोडवून चप्पल हातात घेतली. वाकवली, टाचेवर बोट दाबलं, नाकाशी नेऊन लगेच लांब धरली. मग दोन दांडग्या पोरांना म्हणाले, "वडा रे." एकानं तळ धरला, दुसऱ्यानं अंगठा. दोघांनी दात खाऊन ओढलं. लोक ओट्यांवरून ओरडायला लागले. "आणखी वडा!" मीही ओरडलो, पण त्यांच्यापेक्षा मोठ्यानं. शेवटी ज्यानं तळ धरला होता तो धुळीत बसला. लाल टाका होता तसाच.

"चालू चप्पल माळेत कशाला घातली रे?" चुलत सासरे मेहुण्यावर घसरले. "पावण्याच्या पायात घाल."

मेहुण्याला माळेतली डावीही सोडवून, खाली वाकून दोन्ही चपला माझ्या पायात घालाव्या लागल्या. ओट्यावर बायकोचा पदर तोंडावरून खाली आला होता आणि आता ती हसत नव्हती. उरलेली मिरवणूक मी पाय जरा पुढं काढून बसलो.

देवळापुढं आहेर झाला. शर्ट, पँट, टोपी आणि सगळ्यांत वर नवीन कातडी चपला. ही शेवटची वस्तू रीतीत नव्हती. बायकोनं भावाला सांगून ठेवलेली.

"आता तरी ह्या घाला," ती परतीच्या वाटेवर म्हणाली.

"घालीन की. ह्या पायातल्या झिजल्यावर."

"मंजी कवा?"

चौथा तळ बसवला तर धाकटीच्या लग्नापर्यंत जातील, असं मी तिला खरंखरं सांगितलं.

नवा जोड तेल लावून, रद्दीत गुंडाळून कपाटात आहे. त्याला ती हात लावत नाही. पण होळी जवळ आली की गावोगावचे जावई स्वतःला लपवायला लागतात आणि मी जुना जोड कपाटात टाकून कुलूप लावतो. किल्ली माझ्या बंडीच्या खिशात असते. परवा बायको फार मायेनं म्हणाली, "अहो, बंडी मळली हाय, द्या धुवायला."

बंडी मी स्वतःच धुतली. उलटी करून, न पिळता.