मिस्त्रींनी न लिहिलेली गोष्ट

डब्यांची पत्र्याची झाकणं दाबून बनवणारा कारखान्यातला प्रेस मिस्त्रींनी सव्वीस वर्षं चालवला. माझ्यापेक्षा त्याच्याच तब्येतीची चौकशी जास्त, असं बायको म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. मग झाकणं परदेशातून स्वस्त यायला लागली. मालकांनी कारखान्याला टाळं ठोकलं आणि प्रेस तिकडच्याच एका कंपनीला विकून टाकला. फोरमनने मिस्त्रींना सांगितलं, की मशीन कसं चालवायचं ते सगळं कागदावर उतरवून द्या.

मिस्त्रींनी तीन पानं लिहिली आणि एक गोष्ट गाळली. दुपारनंतर प्रेस तापला, की डावा बोल्ट पाव फेरा सैल करावा लागतो, नाहीतर झाकणाची कड वाकडी येते. लबाडीच ही, दुसरं काय! पण पोटावर पाय आल्यावर माणसाने सगळंच का म्हणून देऊन टाकावं? तिकडचे लोक अडतील, डोक्याला हात लावून बसतील आणि झक मारत आपल्याला बोलावतील, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. बायकोला त्यांनी माळ्यावरची बॅगसुद्धा काढायला लावली.

मेहुण्याने गोदामात माल मोजून घ्यायची नोकरी आणली होती. मिस्त्री म्हणाले, दोन महिने थांब. नोकरी कोणासाठी थांबते? दुसरा माणूस लागला. मेहुणा रुसला, बायकोने बोलणं टाकलं, मिस्त्री मात्र ढिम्म. फोन घेऊन ते न्हाणीघरातसुद्धा जायचे. असे आठ महिने गेले.

एका सकाळी फोरमन रस्त्यात भेटला. आता तो कुरिअरची पाकिटं वाटत होता. प्रेस बसवून द्यायला तोच महिनाभर तिकडे जाऊन आला होता. मिस्त्रींना राहवेना. झाकणं कशी निघतात, त्यांनी विचारलं.

"दुपारनंतर दहात एक वाकडं निघतं," फोरमन म्हणाला.

मिस्त्रींचा चेहरा खुलला. "मग? अडलं असेल ना काम?"

"छे हो. ती भंगारात टाकतात. कारण शोधत बसण्यापेक्षा तेच स्वस्त पडतं त्यांना."

सव्वीस वर्षांची अक्कल, आणि दहातल्या एका झाकणाइतकीही तिची किंमत नाही! मिस्त्रींना भडभडून आलं. फोरमनचा दंड धरून भर रस्त्यात त्यांनी सांगून टाकलं, "डावा बोल्ट. पाव फेरा सैल करायचा. बस, एवढंच."

फोरमन बरं म्हणाला. मग हातातल्या पाकिटावरचा पत्ता वाचून त्याने विचारलं, इथली सात नंबरची इमारत कुठली.