उद्या न म्हणणारे देवघरे सर

देवघरे सरांशी माझी ओळख भांडणातूनच झाली. आमच्या कॉलेजात तेव्हा ते विद्युत विभागाचे प्रमुख, मी गणिताची नवी शिक्षिका. पंडरीतल्या आमच्या घरी वायरीतली ठिणगी ओळखून आग लागण्याआधीच वीज तोडणारा ब्रेकर बसवला होता. स्वयंपाकघरात मिक्सर लावला की बैठकीतली वीज जायची. सरांना बोलावून म्हटलं, "हे लचांड काढून टाका, संध्याकाळी पाहुणे आहेत."

"काढाले काय लागते, मॅडम? पण तो काहून पडून राहिला, ते तर पाहू द्या."

दोन्ही सर्किटांना परतीची तार, म्हणजे न्यूट्रल, एकच होती. गेलेला आणि परतलेला करंट जुळेना, म्हणून ब्रेकर पडत होता. मी म्हटलं, "उद्या करा." सर म्हणाले, "उद्या नाही," आणि वेगळी न्यूट्रल ओढेपर्यंत उठले नाहीत. पाहुणे अंधारात बसले. मी इतकी चिडले होते की सरांना चहासुद्धा विचारला नाही.

त्यांच्या या हट्टाचं कारण पुढे त्यांच्या पत्नी मालतीताईंकडून कळलं. भनपुरीला राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे, कुसुमताईंकडे, सरांनी असाच ब्रेकर हौसेने बसवला होता. तिथेही न्यूट्रल एकच निघाली. "दादा, बत्ती घडीघडी जाऊन राहिली. कवा येतोस?" असा फोन आला. सर परीक्षेच्या कामात होते. "उद्या येतो," म्हणाले. घरच्यांनी कंटाळून ब्रेकर काढला आणि साधा बसवला. दुसऱ्या दिवशी दुपारी, सर पोहोचण्याआधीच, कूलरमागची चेपलेली वायर पेटली. कुसुमताई वाचल्या नाहीत.

ऐकून मला फार रडू आलं.

तेव्हापासून सर कुणालाही उद्या म्हणत नाहीत. अभनपूरच्या एका माजी विद्यार्थ्याकडे तर ते अंगात ताप असताना गेले. मालतीताई ओरडल्या, तर म्हणाले, "ताप उतरते वं. त्याच्या घरी लेकरं हायेत." असे शेकडो विद्यार्थी त्यांनी घडवले.

पंचाहत्तरीच्या समारंभाला सरांनी एकच अट घातली आहे: "मले ओवाळू नका." कुसुमताई गेल्यापासून ते कुणाच्याही पाटावर बसलेले नाहीत.

सर, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची प्रार्थना. समारंभात तुमची अट पाळू. पण तुम्ही सुरक्षित केलेल्या प्रत्येक घरात तुमची एक बहीण राहते. यंदा भाऊबीजेला मी पाट मांडून ठेवते. उशीर झाला तरी चालेल, दादा. पण या.